चौदाच्या पुढे न जाणारा खेळ

माझे जावई वाशीमला एका कचेरीत साहेब आहेत. दिवसभर लोकांच्या अर्जांतल्या चुका काढतात आणि घरी आले की कॉम्प्युटरवर क्रिकेट खेळतात. मागे एकदा मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. साहेबांचं शतक अगदी तोंडावर आलं होतं आणि पडदा काळा झाला. त्यांनी आधी मशीनला एक थापट मारली, मग मी बघतोय हे लक्षात येऊन जरा ओशाळले.

“मामा, पाहा ना याले. ऐन वेळेवरच बंद पडते. व्हायरस असन काय?”

मी खाली वाकलो. मशीनचा डबा टेबलाखालच्या कपाटात कोंबलेला, कपाटाचं दार बंद, आणि डब्याच्या मागच्या जाळीला टेकवून हिवाळ्यातली दुलई ठेवलेली. हात लावला तर वर पोळी शेकता आली असती. दुलई काढली, दार उघडं ठेवलं आणि चहा होईपर्यंत थांबायला सांगितलं. त्यानंतर मशीन बंद पडलं नाही. साहेबांनी त्या संध्याकाळी दोन शतकं ठोकली. माझी मुलगी मात्र स्वयंपाकघरातून म्हणाली, “बाबा, तुमाले कोनी सांगतलं होतं सुधरवाले? थे बंद पडे म्हनून तरी हे भाजी आनाले उठत होते.”

तिचं ऐकून मला मंगरूळपीरचे दोन भाऊ आठवले. खेळता खेळता मशीन बंद पडण्याचं दुखणं मी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. तेव्हा कॉम्प्युटर हा शब्दही आमच्याकडे कोणी ऐकला नव्हता. सत्तरचं दशक संपत आलं होतं.

माझं तिथे स्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक खिडकी, एक सोल्डरिंग आयर्न म्हणजे डाग देण्याचं तापतं हत्यार, आणि भिंतभर आजारी रेडिओ. हा धंदा बाहेरच्यांना जादूचा वाटतो. त्यात जादू कमी आणि पंचायत जास्त. रेडिओ बिघडला की गिऱ्हाईक कधीच खरं सांगत नाही. “काई केलं नाई, आपोआप बंद झाला,” असं म्हणणाऱ्याच्या रेडिओत मी स्क्रूड्रायव्हरचं मोडलेलं टोक, सुपारीचं खांड आणि एकदा तर नाकातली चमकी पाहिली आहे. कामरगावचे एक म्हातारे शेतकरी तर चांगला ठणठणीत वाजणारा रेडिओ डोक्यावर घेऊन एसटीनं माझ्याकडे आले.

“काय होते याले?” मी विचारलं.

“खोटं बोलते,” ते म्हणाले. “कापसाचा भाव कमी सांगते. शेजाऱ्याचा रेडिओ चांगला भाव सांगते. तसा करून द्या.”

शेजारी दुसऱ्या बाजाराचा भाव ऐकत होता, एवढंच. मी काटा फिरवून तेच स्टेशन लावून दिलं. आजोबा खूश होऊन गेले. तर अशा माणसांत मी घडलो. बिघाड यंत्रात शोधायचा, पण कान माणसांकडे ठेवायचा, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. ते कळलं या दोन भावांनी माझी जिरवल्यावर.

थोरले जिनदासशेठ आणि धाकटे शांतीशेठ. त्यांच्या वडिलांचं, रतनसांचं, बाजारओळीत कापडाचं जुनं दुकान होतं. वडील गेले आणि दोघांचं बिनसलं. शेतीवाडीवरून नाही की दागिन्यांवरून नाही, टेरिकॉटवरून. शांतीशेठ म्हणायचे, आता लोक टेरिकॉट मागतात. जिनदासशेठ म्हणायचे, आपल्या दुकानात धोतरं आणि लुगडीच शोभतात, टेरिकॉट घालून माणसाला घाम येतो. हा घाम इतका वाढला की दुकानाच्या मधोमध भिंत आली, मागच्या घराच्याही मधोमध आली आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. कापणं सगळं नीट झालं, फक्त दोन वस्तू कापता आल्या नाहीत. एक म्हणजे विजेचा मीटर. तो मागच्या बोळात होता. त्या बोळात दोन्ही स्वयंपाकघरांची मागची दारं उघडायची. दुसरी म्हणजे वडिलांच्या नावाची लाकडी पाटी, ‘रतनसा कापडवाले’. ती दोघांनाही हवी होती, म्हणून कोणालाच मिळाली नाही. तीही बोळातच भिंतीला टेकून उभी होती.

भिंत झाल्यावर शांतीशेठनी मुंबईहून टीव्ही आणला. लाकडी कपाटासारखा, सरकत्या दारांचा. आमच्या भागात टीव्हीचं प्रक्षेपण पोचायला अजून बरीच वर्षं होती, हे मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, “येईन तवा आपल्याकडे तयार पाह्यजे.” गच्चीवर मी उंच काठीला ॲन्टेना बांधून दिला. पडद्यावर नुसत्या पांढऱ्या मुंग्या. पण ओळीतली माणसं त्या मुंग्या बघायलाही यायची. कोणी म्हणे, मला आत्ता एक बाई दिसली. दुसरा म्हणे, बाई नव्हे, बैल होता.

पुढे शांतीशेठच्या मेहुण्यानं सिंगापूरहून एक खेळ आणून दिला. चपटी पेटी, तिला दोन वायरी, आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला हातात मावेल अशी डबी. डबीवर गोल फिरवायचा नॉब. पेटी टीव्हीला जोडली की पडद्यावर दोन्ही कडांना एकेक उभी पट्टी दिसायची आणि मध्ये चौकोनी चेंडू. नॉब फिरवला की पट्टी वरखाली व्हायची. पट्टीनं चेंडू अडवायचा, चुकला की समोरच्याला एक गुण. पंधरा गुण आधी ज्याचे, तो जिंकला. चेंडू पट्टीला लागला की पेटीतून ‘टुक’ आवाज यायचा, गुण गेला की ‘टूंऽ’. आज हसू येईल, पण त्या दिवशी तो चेंडू मी पडद्यावर आणला तेव्हा खोलीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुंग्यांमधून शेवटी काहीतरी निघालं होतं.

शांतीशेठ या खेळात लवकरच तरबेज झाले आणि बाजारात बोलू लागले, की मंगरुळात आपल्याला हरवणारा कोणी नाही. हे भिंतीपलीकडे पोचलं. एका सुटीच्या दुपारी जिनदासशेठ टोपी घालून, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, भावाच्या उंबऱ्यावर उभे राहिले. मी तिथेच होतो.

“तुह्या टीव्हीनं माह्या घरचा दिवा मंद होते,” ते म्हणाले. तक्रार करायलाच आले होते. पण नजर पडद्यावर होती. थोड्या वेळानं म्हणाले, “आन कायले येवढा नाचते तो चेंडू? दे इकडे.”

आणि बसले. जिनदासशेठ शांत खेळायचे. पट्टी उगाच हलवायची नाही, चेंडू येईल तिथे फक्त जाऊन उभं राहायचं. शांतीशेठ अंगानं खेळायचे. पट्टीबरोबर स्वतःही वरखाली व्हायचे, बाजूच्याला कोपर मारायचे. गुण बरोबरीनं चढू लागले. दहा झाले, अकरा झाले. ओळीतल्या कोणीतरी मागून आवाज दिला, “अरे, ज्याचे पंधरा होतीन त्याची पाटी!”

जिनदासशेठनी मान न वळवता विचारलं, “हाव का, शांती?”

“हाव,” शांतीशेठ म्हणाले.

गुण चौदा-तेरा झाले आणि चित्र एकदा पापणी लवल्यासारखं लवलं. परत आलं तेव्हा दोन्हीकडे शून्य. सगळा खेळ नव्यानं. पण दिवस कलला होता. जैनाचं घर, सूर्य मावळायच्या आत जेवण आटोपायला हवं. खेळ पुढच्या सुटीवर गेला.

दोन्ही भावांनी माझ्याकडे पाहिलं. मी छाती पुढे काढून म्हणालो, “व्होल्टेज. मी पाहून घेतो.”

आता हे थोडं समजावून सांगतो. त्या पेटीला आठवण अशी काही नव्हती. वीज असेपर्यंत गुण लक्षात, वीज क्षणभर दचकली की सगळं पुसून कोरं. टीव्ही तेवढा धक्का पचवायचा, पेटीला पचत नव्हता. शेजारच्या गल्लीत पिठाची चक्की होती. ती सुरू झाली की ओळीतले दिवे मान टाकायचे. मला गुन्हेगार सापडला. मी वाशीमहून स्टॅबिलायझर आणला, म्हणजे विजेचा दाब सारखा ठेवणारी पेटी. पुढच्या सुटीच्या दिवशी चक्कीवाल्यालाही हात जोडून दळण थांबवायला लावलं. खेळ चौदा-चौदावर आला आणि पापणी लवली. दोन्हीकडे शून्य.

मग मी पुढचे उपाय केले. टीव्हीच्या पाठीवर शांतीशेठच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, विणलेला जाळीदार रुमाल होता आणि त्यावर खेळाची पेटी. खाली टीव्ही तापतोय, वर पेटी भाजतेय. मी रुमाल काढला, पेटी स्टुलावर ठेवली. नॉबच्या आतला भाग रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखाच होता, तो शेंगदाण्याच्या मिठानं बरबटला होता. मी स्पिरिटनं धुतला. खेळताना खाणं बंद केलं. प्रत्येक उपायानंतर मी एकटा बसून खेळून बघायचो. एका हातात एक डबी, दुसऱ्या हातात दुसरी, माझा मीच प्रतिस्पर्धी. मशीन इतकं गुणी, की एकदाही दगा दिला नाही. मेकॅनिक समोर असला की यंत्र शहाण्या सुनेसारखं वागतं. आणि भाऊ समोरासमोर बसले, गुण चौदाला आले, की पापणी लवायचीच.

हळूहळू गंमत संपली. एक दिवस जिनदासशेठ माझ्या दुकानात आले. आवाज खाली आणून म्हणाले, “सुधाकरभाऊ, शांती पायाखाली बटन ठेवते काय हो? हरून राह्यला की दाबते.”

दुसऱ्या दिवशी शांतीशेठ आले. त्यांनी आवाज खाली आणलाच नाही. “दादानं मीटरमंधी काई केलं असन. आन तुमी दादाचे जुने गिऱ्हाईक. तुमाले माहीत नाई, असं कसं म्हनता?”

त्यांनी दुरुस्तीला दिलेला रेडिओ उचलला आणि तसाच बंद घेऊन गेले. ओळीतले आणखी दोघंतिघंही आपले रेडिओ मागायला आले. गावात अशी गोष्ट पसरायला वारा लागत नाही. कोणी म्हणायचं, मेकॅनिकला यातलं काही येत नाही. कोणी म्हणायचं, मेकॅनिकला सगळं येतं आणि तोच करतो. यातलं कोणतं जास्त वाईट, हे मी अजून ठरवू शकलो नाही. घरी बायको म्हणाली, “येवढ्या रेडिओइले जिवंत केलं तुमी, आन एका चेंडूनं तुमचं नाव मातीत घातलं.” मला जेवण गोड लागेना. त्याहून वाईट म्हणजे, भाऊ आता खेळताना एकमेकांच्या पायांकडे बघू लागले होते. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी बोलणं सुरू होता होता पुन्हा आटत चाललं होतं.

पेटी उलटी करून बघताना मला एक झाकण दिसलं. आत सहा सेल बसतील अशी जागा. विजेवर चालते म्हणून तिकडे कोणी पाहिलंच नव्हतं. पत्र्याच्या पट्ट्या गंजल्या होत्या. मी त्या घासून चकचकीत केल्या, सेल भरले आणि पेटीचं विजेशी नातंच तोडून टाकलं. आता बाहेर चक्की चालो की आभाळ कोसळो, टीव्ही दचकेल पण पेटी गुण विसरणार नाही. हे मी फक्त दोन्ही भावांना खोलीत सांगितलं. शांतीशेठ म्हणाले, “आज जर का बंद पडलं, तर हा खेळ मी बोळात नेऊन फोडतो.” जिनदासशेठनी आपली डबी उचलली.

उजेडानं पडदा फिका पडू नये म्हणून खिडक्या लावल्या. वर पंखा फिरत होता. माणसं दारापर्यंत भरली होती. खेळ सुरू झाला. शांतीशेठ उड्या मारत होते, जिनदासशेठ पुतळ्यासारखे. जिनदासशेठचे चौदा, शांतीशेठचे बारा.

चित्र लवलं. परत आलं. चौदा आणि बारा, जसेच्या तसे!

लोकांनी माझ्या पाठीवर इतक्या थापा मारल्या की मला खोकला आला. चेंडू फिरत होता. तेवढ्यात चित्र पुन्हा लवलं. पुन्हा चौदा, बारा. मी हसत होतो आणि तिसऱ्यांदा चित्र गेलं ते गेलंच. पडदा काळा. वर बघितलं तर पंखा सावकाश होत चाललेला.

इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. क्षणभराच्या धक्क्यानं पंखा थांबत नाही, तो आपल्या वेगात फिरत राहतो. म्हणून तर आजवर कोणाला कळलं नव्हतं. आता पंखा थांबतोय, याचा अर्थ वीज गेली आहे किंवा कोणीतरी घालवली आहे.

आणि त्या अंधाऱ्या खोलीत पेटी मात्र चालूच होती. ‘टुक’. थोड्या वेळानं पुन्हा ‘टुक’. पडदा नाही, पट्टी नाही, चेंडू कुठे आहे कोणाला ठाऊक नाही, आणि आवाज येतोय. कोणी हललं नाही. शांतीशेठ कान टवकारून नॉब फिरवत होते. मी माणसांतून वाट काढत स्वयंपाकघरातून मागच्या बोळात गेलो.

बोळात भरपूर ऊन होतं. मीटरखाली गोणपाट अंथरून दोघी जावांनी बैठक मांडली होती, मध्ये तुरीच्या डाळीनं भरलेलं सूप. थोरल्या कमलाबाई डाळ निवडत होत्या. पुष्पाबाई मेन स्विचच्या खटक्याला हात घालून उभ्या होत्या आणि मान वळवून खोलीकडे कान देत होत्या. मला पाहून त्यांचा हात तिथेच राहिला.

“वहिनी!” मी म्हणालो.

“हळू बोला ना भाऊ,” कमलाबाई म्हणाल्या. त्या जरासुद्धा घाबरल्या नव्हत्या. “तुमी सुधरवलं वाटते. दोनदा पाडलं तरी कोनी ‘अरे अरे’ केलं नाई.”

“पण काहून असं?”

“काहून म्हनजे?” पुष्पाबाई म्हणाल्या. “हे दोघं भांडले तवापासून आमाले बी बोलनं बंद आहे. भांडन यांचं टेरिकॉटचं. आमचं कायचं? हे लोक तिकडे चेंडूमांगं लागले की आमी इकडे दोन घटका बसतो.”

“खेळ संपला की पाटी जाईन एकाकडे,” कमलाबाई म्हणाल्या, “आन दुसरा तोंड फिरवून घरात बसन. मंग हे दार उघडते काय? नाई उघडत. म्हनून चौदा झाले असा गलका आयकू आला की आमी बारीकसं पाडतो. दिवस बुडाले येते, खेळ पुढच्या सुटीवर. तुमचं काय बिघडलं यात?”

माझं काय बिघडलं! माझं दुकान बसायला आलं होतं. पण त्या माउलीच्या चेहऱ्याकडे बघून मला ते सांगता आलं नाही. मी एवढंच म्हणालो, “वहिनी, पेटीत मी सेल घातले. तुमी टीव्ही पाडला. खेळ चालूच आहे आतमंधी.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. “अगं माय!” पुष्पाबाई म्हणाल्या आणि खटका वर केला.

मी धावत खोलीत आलो. पंखा फिरू लागला होता, पण टीव्ही जुन्या पद्धतीचा, तापल्याशिवाय चित्र देत नसे. आवाज येत होता. ‘टूंऽ’. मग ‘टुक’, ‘टुक’. सगळे काळ्या काचेकडे डोळे लावून बसले होते, देवळाचा पडदा सरकायची वाट बघावी तसे. हळूहळू चित्र उगवलं.

शांतीशेठचे पंधरा. जिनदासशेठचे चौदा.

खेळ संपला की गुण थांबतात, पण चेंडू तसाच फिरत राहतो. तो बिचारा आपला एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आदळत होता. लोकांनी एकच ओरडा केला. मी मात्र जिनदासशेठच्या पट्टीकडे बघत होतो. ती पडद्याच्या तळाला, पार कोपऱ्यात जाऊन बसली होती. नॉब शेवटपर्यंत फिरवल्याशिवाय पट्टी तिथे जात नाही. नॉबची डबी त्यांच्या मांडीवर पडली होती आणि दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

शांतीशेठ ओरडले नाहीत. त्यांनी डबी खाली ठेवली. “दादा, अंधारातलं धरू नोको. पुन्हा खेळू.”

“कायचा अंधार?” जिनदासशेठ टोपी नीट करत म्हणाले. “आवाज तर मले बी येत होता. जितला तू. ने पाटी.”

लोक मला घेरून विचारू लागले, बिघाड काय होता? दारात कमलाबाई डाळीचं सूप घेऊन उभ्या होत्या, माझ्याकडेच बघत. मी म्हणालो, “मीटरजवळ लूज कॉन्टॅक्ट होता.” शांतीशेठनी दुसऱ्या दिवशी रेडिओ परत आणून दिला, दोन गिऱ्हाइकांना स्वतः सोबत घेऊन आले, आणि माझं नाव मातीतून निघालं.

पाटी लावायला मलाच शिडीवर चढवलं. बोळातून ती बाहेर आणली तेव्हा ध्यानात आलं, की ती अख्ख्या जुन्या दुकानाच्या मापाची आहे. अर्ध्या दुकानावर मावेना. शांतीशेठच्या बाजूनं खिळा ठोकला तर दुसरं टोक हवेत, भावाच्या दारापुढे. मी शिडीवर तसाच उभा. खाली ओळभर माणसं. कापून टाकावी असं कोणीतरी म्हणालं, त्याच्याकडे दोघंही भाऊ असे बघायला लागले की तो पानाच्या टपरीकडे निघून गेला. मग जिनदासशेठ आपल्या दुकानातून स्टूल घेऊन आले, त्यावर चढले आणि हवेतलं टोक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. “ठोका,” ते मला म्हणाले. “आन सरळ ठोका, बाबाचं नाव आहे.” ‘रतनसा’ थोरल्याच्या दुकानावर आलं आणि ‘कापडवाले’ धाकट्याच्या. एका बाजूला धोतर, दुसऱ्या बाजूला टेरिकॉट, वर एकच पाटी.

मला वाटलं, आता खेळ बंद होईल. खेळायला उरलंच काय? पण पुढच्या सुटीला शांतीशेठचा निरोप आला, या म्हणून. गेलो तर दोघं भाऊ आपापल्या जागी. नुसतेच खेळत होते, कशासाठीही नाही. मी विजेची वायर पुन्हा जोडून दिली होती, कारण सेल फार खातात. गर्दी नव्हती. गुण चौदाला आले, आणि चित्र गेलं. पंखाही थांबू लागला. मी सवयीनं उठलो.

“बसा हो, सुधाकरभाऊ,” जिनदासशेठ म्हणाले. त्यांनी पडद्यावरची नजरही हलवली नाही. मग मान मागे टाकून बोळाच्या दिशेनं मोठ्यानं हाक दिली, “अवो! डाळ झाली असन निवडून तं लाईन लावा!”

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. मी स्टॅबिलायझर आणला होता, चक्की थांबवली होती, नॉब धुतले होते, सेल घातले होते. आणि माझ्याकडे पायाखालच्या बटनाचा संशय घेऊन आलेल्या या माणसाला बोळातलं सगळं ठाऊक... मी शांतीशेठकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत गालातल्या गालात हसत होते. म्हणजे त्यांनाही कळलं होतं, कधी ते देव जाणे. वीज कुठून जाते हे त्या खोलीत फक्त आपल्यालाच ठाऊक आहे असं ज्याला वाटत होतं, तो मी, गावचा मेकॅनिक.

बोळातून कमलाबाईंचा आवाज आला, “थांबा ना जरासे! बोलनं होऊन राह्यलं!”

“थांबतो,” जिनदासशेठ म्हणाले.

आणि दोघं भाऊ, हातात डब्या धरून, काळ्या पडद्यासमोर मुकाट बसून राहिले. मीही बसलो.